भाऊसाहेब नावाचा खोटा माणूस

आमच्या घरात टीव्ही सगळे बघतात, मी तपासतो.

भांडुपच्या एका शाळेत मी तीस वर्षं मराठीचे पेपर तपासले. निवृत्त झालो, पेपर संपले, लाल पेन मात्र शिल्लक राहिलं. मग मुलुंडला घरी बसून मी सिनेमे आणि मालिका तपासायला घेतल्या. दोनशे पानी वही केली. प्रत्येकाला दहापैकी गुण आणि खाली शेरा. तोच शेरा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. (कुणी मागितला नव्हता. पण पेपर तरी मुलांनी कुठे हौसेने तपासायला दिले होते!)

आता तुम्हीच सांगा, संताप येणार नाही तर काय होईल? मारामारीच्या सिनेमात नायक एका गुंडाला लोळवत असताना बाकीचे एकोणचाळीस रेशनच्या रांगेत उभं राहावं तसे आपला नंबर येईपर्यंत थांबतात. वेब सिरीज म्हणे वास्तववादी! ते वास्तव इतकं अंधारात चालतं की मी दोनदा टीव्हीचा मेकॅनिक बोलावला. भुताच्या सिनेमात फ्लॅटमध्ये भूत आहे हे कळूनही नायिका तिथेच राहते. (मुलुंडमध्ये पार्किंगसकट फ्लॅट मिळाला असता तर मीही हललो नसतो, पण तो मुद्दा वेगळा.) आणि मालिका! बायका भरजरी साड्या नेसून झोपतात, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी म्हणून होत नाही, आणि एक कानाखाली मारली की तो आवाज घरातल्या सात माणसांच्या चेहऱ्यावरून फिरत फिरत शुक्रवारपर्यंत पुरतो!

पण माझा खरा दात होता तो साडेसातच्या मालिकेवर. त्यात भाऊसाहेब नावाचा एक सासरा होता. ताटातल्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवणारा, पाहुण्यांना बोलता बोलता मध्येच दुरुस्त करणारा, सुनेनं लिहिलेली वाणसामानाची यादी लाल खुणा करून परत देणारा.

"असा माणूस असतो का कुठे?" मी ओरडलो.

"नसेल बाई," आमच्या सौ. सुनंदा म्हणाल्या. "चहा घ्या."

"हा चहा आहे की पाक? आणि काय गं, तुझ्या त्या यादीत कोथिंबिरीची वेलांटी चुकली होती. दुरुस्त करून फ्रिजवर लावलीय."

आमची मुलगी मुग्धा कोपऱ्यात लॅपटॉपवर टकटक करत होती. मी बोललो की हिची टकटक सुरू, हे माझ्या बरेच दिवस लक्षात आलं होतं. पण अंधेरीच्या कुठल्याशा ऑफिसात ती 'कंटेंटमध्ये' आहे, यापलीकडे मला माहिती नव्हती. कंटेंट म्हणजे काय ते मी एकदा विचारलं होतं. तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी तिचं वाक्य दुरुस्त केलं. तिथेच ते राहिलं.

शेवटी मी चॅनेलला पत्रच लिहिलं. 'महोदय, आपल्या मालिकेतील भाऊसाहेबांसारखा माणूस अवघ्या महाराष्ट्रात नाही. असल्यास दाखवावा. संवाद लिहिणाऱ्यास माणसांचा अनुभव शून्य. गुण : दहापैकी दोन.' खाली सोसायटीतल्या लोकांच्या सह्या घ्यायला मी जिना चढून दारोदार फिरलो. आमचे सेक्रेटरी शिर्के सही करताना खोकत होते. खोकला असला हसरा मी आधी ऐकला नव्हता.

"सर, एकदम करेक्ट लिहिलंय हां. असा माणूस नसतोच!" असं म्हणून त्यांनी दार लावलं आणि आत सगळं कुटुंब खोकायला लागलं.

सुनंदाकडे सही मागितली. "माझे हात पिठाचे आहेत," ती म्हणाली. हात दोन दिवस पिठाचेच होते!

पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो. त्या मालिकेचे संवाद मुग्धा लिहीत होती. माझ्या जिभेच्या भीतीनं मायलेकींनी ते माझ्यापासून लपवलं होतं. शेवटी नावांची पट्टी यायची, पण तोवर मी ग्रुपवर शेरा टाकण्यात गुंतलेला. माझं पत्र पोचल्यावर चॅनेलनं तिच्या ऑफिसच्या मॅडमना सुनावलं : 'प्रेक्षक म्हणतात असा माणूस नसतो. भाऊसाहेबांना काढा, लिहिणारीलाही बदला.' तिची पहिली मोठी नोकरी, आणि ती घालवायला बापानं जिने चढून सह्या गोळा केलेल्या! तेव्हा ती पोरगी म्हणाली, "असतो मॅडम. शनिवारी साडेसातला मुलुंडला चहाला या. दाखवते."

मला फक्त एवढंच सांगितलं : "बाबा, ऑफिसची माणसं येतायत. तुम्ही अगदी नेहमीसारखं वागा. प्लीज!"

मी चक्रावलो. जन्मात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यात शनिवारी मॅडमबरोबर चॅनेलचा एक उंच, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ आला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्थळ! पोरीनं स्वतःच स्थळ आणलंय! मी ठरवलं, आज तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही.

"काय सुंदर चहा झालाय!" मी म्हणालो. सुनंदानं घाबरून माझ्या कपाळाला हात लावला.

"सर, तुम्हाला मालिका कशा वाटतात?" त्या उंच गृहस्थानं विचारलं.

"छान असतात. लोक मेहनत घेतात हो."

मुग्धाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, असं काय करताय? ते... वेब सिरीजमधल्या अंधाराचं सांगा ना!"

"असू दे गं. डोळ्यांना गारवा मिळतो."

मॅडमनी मुग्धाकडे पाहिलं. "मुग्धा, हे तर किती गोड आहेत," त्या म्हणाल्या, पण शाबासकीच्या सुरात नाही. मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बापाचा अभिमान वाटून आलं!

शेवटी सुनंदानं रिमोट उचलला आणि साडेसातची मालिका लावली. समोर भाऊसाहेब. मी दातावर दात धरले. सोफ्याचा हात धरला. वीज कडाडली, सुनेच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटला. मी सोफ्याचा दुसरा हातही धरला. इकडे सुनंदानं माझ्या हातात पोह्यांची बशी दिली, तिकडे भाऊसाहेबांच्याही हातात बशी आली. मी बशीकडे पाहिलं आणि माझा बांध फुटला.

"पोह्यांत मटार कुणी घातले? हे पोहे आहेत की मटारची उसळ?"

हे वाक्य खोलीत दोनदा ऐकू आलं. एकदा माझ्या तोंडून, एकदा टीव्हीतून. शब्दाला शब्द!

"बघा! हा खोटा माणूस माझी वाक्यं चोरतो!" मी पडद्यावर बोट रोखून टीव्हीसमोर उभाच राहिलो आणि तसाच मान वळवून त्या उंच गृहस्थाला म्हणालो, "आणि अहो, तुम्ही 'चहा भेटला' काय म्हणता मघापासून? वस्तू मिळते, माणूस भेटतो! चहात साखर किती आहे! मॅडम, चपला दाराकडे तोंड करून काढायच्या असतात!"

उंच गृहस्थ उठून उभा राहिला. "सापडला!" तो म्हणाला. मॅडम वहीत भराभरा लिहून घेत होत्या, सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती, आणि माझं बोट अजून पडद्यावर रोखलेलं होतं. त्या बोटाखालून नावांची पट्टी सरकली. ती मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली. संवाद : मुग्धा. पुढे माझं नाव, पुढे आमचं आडनाव.

दहापैकी दोन! मी तिच्याकडे वळलो.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगत होते बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही वाक्य दुरुस्त केलंत."

मी खिशातलं लाल पेन काढून ठेवलं. मी खाली बसलो आणि मटार घातलेले पोहे संपवले. (चांगले झाले होते. हे फक्त तुम्हाला सांगतोय.)

मुग्धाची नोकरी राहिली आणि भाऊसाहेबांचं काम वाढलं. चूक केली की निस्तरायची, असं मी मुलांना तीस वर्षं शिकवलं होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी चॅनेलला पुन्हा पत्र धाडलं : 'महोदय, मागील पत्र रद्द समजावे. असा माणूस असतो. पत्ता वरीलप्रमाणे, फोटो सोबत जोडला आहे. संवादांना दहापैकी नऊ. एक गुण नटाचा कापला आहे. तो फारच मवाळ आहे.'