मिस व्हर्नाची सतरा पत्रं

मिस व्हर्ना होमक्विस्ट आयुष्यात एकदाही खोटं बोलली नाही, हे आमचं सगळं गाव सांगेल. रसायनशास्त्राच्या प्रोफेसर टोरवाल्डचं नाव काढलं की ती कानापर्यंत लाल व्हायची, हे मात्र फक्त मीच सांगेन. आयोवातल्या त्या कॉलेजात मी तीस वर्षं झाडलोट केली, सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला. मला काय कळायचं राहणार?

बाई नोंदणी कचेरीत कारकून. साडेअकराला अंड्याचं सँडविच, बाराला विणकाम. काम साधंच, पण त्या वर्षांत जीवघेणं. शिकणाऱ्या पोराला लष्करभरतीतून सूट असायची. पण आठवड्याला बारा तासांचे वर्ग हवेतच. कुणी त्याखाली घसरला की बाईने भरती मंडळाला पत्र धाडायचं, आणि पोरगा निघाला व्हिएतनामला. पोरं तिला 'मरणाची कारकून' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं.

सत्तर सालच्या मे महिन्यात युद्ध कंबोडियात शिरलं आणि आमचं कॉलेज खवळलं. एका सकाळी चाळीसेक पोरं-पोरी कचेरीत घुसली. पुढारी रॉस टिलफर्ड. दाढी वाढवली होती म्हणे. मला तरी गालावर चुकून उगवलेलं गवत दिसलं. बाहेर हिरवळीवर दोनशे जण लाकडं रचून वाट बघत होते.

"बाजूला व्हा, मिस होमक्विस्ट. फायली जाळायच्यात. तुमच्या कागदांनी पोरं मरतायत!"

बाईने सँडविच गुंडाळून ठेवलं. "मरतायत खरी. पण फाइल जळली, तर तू इथे शिकतोस हे मी मंडळाला कशावरून सांगू? तुझ्या दाढीवरून?"

कुणीतरी फिसकन हसलं. एवढी हुशार पोरं, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आम्हाला सूट नकोच!" मागून बॅरी ओरडला.

"तू जा रे, बॅरी. बाकीच्यांना आधी विचार."

बाकीचे जमिनीकडे बघायला लागले. रॉसचा आवाज उतरला. "बाहेर दोनशे जण थांबलेत. हात हलवत कसे जाऊ?"

"एल्मर, दार लाव," बाई मला म्हणाली. मग तिने विणकामाची पिशवी टेबलावर उपडी केली. लोकरीच्या गुंड्यांखालून सतरा पाकिटं निघाली. पत्ते टाइप केलेले, तिकिटं लावलेली. एक तिने रॉसच्या हातात दिलं. त्याने ते फोडलं आणि वाचलं. भरती मंडळाला लिहिलेलं, त्याच्याच नावाचं. फेब्रुवारीत त्याने रसायनशास्त्र सोडलं होतं. उरले होते नऊ तास.

"तुम्ही हे पाठवलंच नाहीत?"

"लिहायचं त्याच दिवशी लिहिलं. पण टपालपेटी लांब आहे, आणि माझे गुडघे दुखतात."

पेटी दारापासून वीस पावलांवर होती. तिथला बर्फ मीच काढायचो. हे बाहेर फुटलं असतं तर बाईची नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही दिसला असता.

"काहीतरी जाळायचंय ना? हे जाळा. आधी तिकिटं सोडवा, ती कॉलेजच्या पैशाची आहेत. आणि सतराही जणांनी उन्हाळ्यात बसून तास भरून काढायचे."

"टोरवाल्डकडे? तो मला जिवंत सोडणार नाही!"

"व्हिएतनामपेक्षा बरा आहे तो," बाई म्हणाली, आणि झालीच लाल.

मग क्रांतिकारक माझ्या किटलीच्या वाफेवर तिकिटं सोडवत बसले. अर्ध्या तासाने हिरवळीवर जाळ उठला आणि दोनशे जणांनी आरोळी ठोकली. काय जळतंय, ते त्यांना आजही माहीत नाही.

दुपारी डीन क्रॅबट्री धापा टाकत आले. "मिस होमक्विस्ट, मंडळाचा फोन होता. तास कमी झालेल्यांची पत्रं लिहिलीत ना?"

"लिहिली, सर. सतरा."

"मग त्यांना पोचली कशी नाहीत?"

बाईने खिडकीबाहेर राखेकडे पाहिलं. "मुलांनी जाळली, सर."

"कार्टी! पुन्हा लिहा."

"लिहीन, सर. आधी तास नव्याने मोजायला हवेत."

बाई मोजायला बसली ती सप्टेंबरपर्यंत. तोवर सतराच्या सतरा जणांचे तास भरले होते. रॉसलासुद्धा टोरवाल्डने पास केलं, जेमतेम. त्या कडू माणसाला एवढी दया कुठून आली, असं मी बाईला विचारलं.

खोटं बोलायची नाही ती. तिने विणकाम उचललं आणि टाके मोजायला लागली, कान लालभडक.