तोंडावरचं ऊन

पिंगळीच्या स्टेशनात गाडी थांबायची ती जेमतेम दोन मिनिटं. पौषात तर ती आली कधी आणि गेली कधी हे दिसायचंच नाही, धुक्यात नुसतं ऐकू यायचं. आमचे हे तिथं छोटे स्टेशनमास्तर होते. निजामाचं राज्य जाऊन पाच-सात वर्षं झाली होती, तरी जुने हमाल आपसात दखनीतच बोलायचे आणि मला अजून ‘बेगमसाब’ म्हणायचे. मी नुकतीच लग्न होऊन आलेली. दोन खोल्यांचं क्वार्टर झाडून झालं की दिवस खायला उठायचा.

त्या दिवाळीला हैदराबादेत नोकरीला असलेल्या माझ्या भावानं मला डब्याचा कॅमेरा भेट पाठवला. काळा चौकोनी डबा, वर एक काचेची खिडकी. डबा पोटाशी धरायचा, मान खाली घालून खिडकीत बघायचं आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल संपला की गार्डच्या हाती परभणीच्या फोटोवाल्याकडे द्यायचा, दोन दिवसांनी तो धुऊन, छापून परत यायचा. सोबतच्या चिठ्ठीत भावानं एकच सूचना लिहिली होती: सूर्य आपल्या पाठीशी ठेव, ऊन समोरच्याच्या तोंडावर पडू दे.

मला कुणी असं कर म्हटलं की तसं न करण्याची जुनी खोड. आठ दिवसांत मला कळलं की हिवाळ्यातली खरी गंमत सूर्याकडे तोंड करूनच दिसते. सकाळचं ऊन तिरपं येतं. हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट दव, चमकते, ज्वारीच्या प्रत्येक कणसाला सोनेरी कड येते, आणि लांबची बाभळ धुक्यात आहे-नाही अशी उभी असते. मी शाल गुंडाळून रुळांच्या कडेनं चालत राहायची. थंडीनं बोटं बधिर व्हायची, श्वासानं काच धुरकट व्हायची, ती पदरानं पुसायची. कधी कधी वाटायचं, आपण जाग्या नाहीच, कुणाच्या तरी स्वप्नातून चाललोय. हे म्हणायचे, “लोक माणसांचे फोटो काढतात, आमची बायको वाफेचे काढते.”

एका सकाळी रुळांपलीकडच्या पडीक रानात मेंढरं बसलेली दिसली. खतासाठी शेतकऱ्यानं चार रात्री बसवून घेतली होती. सभोवती जाळीचं कुंपण, आत शे-दीडशे मेंढरं अंगाला अंग लावून, आणि त्यांच्या पाठींवरून वाफ वर चढत होती. मी खुळ्यासारखी बघत राहिले आणि एकामागून एक फोटो काढत सुटले.

“ताई, त्या डब्यात काय बघायलाव?”

मेंढपाळाची बायको होती. माझ्याच वयाची असेल. कडेवर दोनेक वर्षांचं पोरगं, गालाला तीट लावलेलं. मी तिला खिडकीत बघू दिलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “ह्याचा एक फोटू काढताव का?”

मी हो म्हटलं. तशी तिनं आपणहून सांगितलं. ह्याच्या आधीची एक मुलगी होती. एवढीच, ह्याच्याच वयाची असताना तापानं गेली. “दोन सालं झाली. आता तिचं तोंड मला नीट आठवना झालंय, ताई. सपनात येती, पण पाठमोरी येती. लय हाका मारते, वळून बघत न्हाई.” पोराच्या डोक्यावर घोंगडीचं टोक ओढत ती म्हणाली, “ह्याचं तरी तोंड असू द्या माझ्याजवळ.”

तिचं बोलणं मला लागलं होतं, हे खरं. पण खिडकीत बघितलं तेव्हा ते सगळं विसरायला झालं, हेही खरं. तिच्यामागून सूर्य नुकता वर येत होता. पोराच्या विस्कटलेल्या केसांना, घोंगडीच्या लोकरीला उजेडाची कड आली होती, आणि मागं मेंढरांची वाफ. तिला वळून उभी राहा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “अशाच राहा, हलू नका.” आणि रोलमधला शेवटचा, बारावा फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं पाकीट आलं. तो फोटो बघून मीच हरखले. ह्यांनी दिव्याजवळ नेऊन दोनदा बघितला आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. मला रात्रभर धड झोप लागली नाही, कधी एकदा तिला दाखवते असं झालं होतं.

उजाडता उजाडता मी रानात गेले. त्यांची निघायची तयारी चालली होती, घोड्यावर बिऱ्हाड लादलं जात होतं. तिनं हात लुगड्याला पुसून फोटो घेतला. आधी सरळ धरला, मग तिरपा, मग उजेडाकडे वळून बघितला.

“लय चांगला हाय, ताई,” ती म्हणाली. मग विचारलं, “ह्याचं तोंड कुठाय?”

मी बघितलं. तोंडाच्या जागी नुसता काळोख होता. कड सोन्याची, आणि आत काही नाही. रात्रभर मी तो फोटो डोळ्यांसमोर नाचवला होता आणि त्यात पोरगं नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात फार कमी वेळा वाटली. कॅमेऱ्यात रोल नव्हता. तिनं फोटो परत माझ्या हातात दिला. रागानं नाही, उसनी आणलेली वस्तू परत द्यावी तसा. मेंढरं धुक्यात शिरली आणि गळ्यातल्या घंटा बराच वेळ ऐकू येत राहिल्या.

नवा रोल यायला तीन दिवस लागले. मी ह्यांच्या मागे लागून एका शेतकऱ्याची बैलगाडी मागून आणली. मेंढरं गंगेच्या काठाकडे गेलीत एवढंच ठाऊक होतं. गोदावरीला तिकडे सगळे गंगाच म्हणतात. विचारत विचारत जाता जाता दुपार झाली. ती भेटली तेव्हा सूर्य वर चढलेला. धुकं नाही, वाफ नाही, कड नाही. फोटोला याहून वाईट वेळ नसते.

मी सूर्य पाठीशी घेतला. उन्हानं पोराचे डोळे मिटत होते. अनोळखी बाई पोटाशी डबा धरून जवळ येतेय म्हटल्यावर त्यानं भोकाड पसरलं. मी बाराही फोटो तिथंच संपवले. छापून आले तेव्हा अकरांत तो आईच्या पदरात तरी शिरलेला किंवा हललेला. एकात तेवढं तोंड होतं: डोळे बारीक, नाक वाहतंय, खालचा ओठ बाहेर काढून रडतोय.

परतीच्या वाटेवर येते, असं तिनं सांगितलं होतं. मी चार महिने वाट बघितली. वैशाखात एका दुपारी ती क्वार्टरच्या दारात उभी राहिली, पोरगं तिचं बोट धरून चालत आलं होतं. मी फोटो आणला आणि देण्याआधीच सांगून टाकलं, “फार चांगला नाही आला. रडतच होता ना तो.”

ती उंबऱ्यावर बसली. फोटो दोन्ही हातांत धरून बघत राहिली. मी पाणी आणलं, ते तिच्याजवळ तसंच राहिलं. मग तिनं फोटोतल्या त्या ओठावर अंगठा ठेवला.

“ही तीच हाय,” ती म्हणाली. “रडताना अशीच करायची. अशीच ओठ काढायची.”

मी म्हटलं, “मग ह्याचा दुसरा काढू का? रोल आहे.”

तिनं फोटो पदरात बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि अंगणात माती उकरत बसलेल्या पोराकडे बघितलं.

“ह्याचा कशाला, ताई?” ती म्हणाली. “हा हाय की समोर.”