तरीही गेलेच असते

आरमोरीच्या एसटी स्टँडवर बाबा मला सोडायला आले आणि मी बसणार त्याच गाडीत पत्रकं वाटू लागले. खाणीविरुद्धची, पिवळ्या कागदावरची. कंडक्टर त्यांना ओळखत होता. पोरीले तरी नीट निरोप द्या भाऊ, असं तो म्हणाला. बाबांनी त्यालाही एक पत्रक दिलं. गाडी हलली तेव्हा आई खिडकीपाशी होती आणि बाबा मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला मुद्दा समजावत होते.

आता मी इंग्लंडात, लीड्समध्ये शिकते. गुरुवारी इंग्रजीचा जादा क्लास असतो. एकदा तिथे न घडलेल्या भूतकाळाची वाक्यं होती: असं झालं असतं, तर तसं झालं असतं. आमच्या घरी अशी वाक्यं चालत नसत. बाबांच्या पत्रकात एक तर झालेलं असायचं, नाहीतर करायचं.

मी लिहिलं, खाणीसाठी आमचं जंगल तोडलं नसतं, तर मी गाव सोडलं नसतं. सगळी क्रियापदं बरोबर आली. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि विस्थापितांवरच्या सभेत मी बोलावं म्हणून नाव दिलं. भाषणाची सुरुवात या वाक्यानेच करायची, असं मी ठरवलं.

रविवारी फोनवर आईला वाक्याचा अर्थ सांगितला. पलीकडे भांडी वाजायची थांबली.

"तू तं तरीबी गेलीच असती," आई म्हणाली. "बारावीपासून तुहा पाय घरात टिकत नव्हता. खाणीच्या नावानं काऊन रडून राह्यली?"

मी चिडले. मग सभेत काय सांगू, असं विचारलं.

"आमाले विचारलं होतं ना, ते सांग. आमी नाई म्हणलो होतो."

खाण हवी की नको, हे विचारायला भरलेली ती ग्रामसभा मी पाहिली होती. लिहिता न येणाऱ्या बायांनी दोन सुपं मांडली, एक होकाराचं, एक नकाराचं. प्रत्येकीने मोहाची एक बी टाकली. होकाराचं सूप तसंच रिकामं परत गेलं. पावसाळा सरताच जंगलात मशिनी शिरल्या.

भाषणातून मी ते वाक्य काढलं. बाहेर पडलेल्या आपल्यापैकी अनेकांना असं एखादं वाक्य लागतं, निघून आल्याचं ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायला. मी माझ्या हौसेने आले. जंगल मात्र खाणवाल्यांनी आमचा नकार ऐकूनही तोडलं. या दोन गोष्टी मला एका वाक्यात बांधायच्या नाहीत.

सभेत सुपांचं सांगितलं. एकाने विचारलं, मग आता तुमचं घर कुठं?

मी गावाचं नाव सांगितलं. आई तिथंच राहते, आणि तिने नाही म्हटलेलं अजून मागं घेतलेलं नाही.