बेटाआडचे चार दिवस

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मी नऊ वर्षं वेल्डिंग केलं आणि मग मालवाहू जहाजावर फिटर म्हणून लागलो. दुसऱ्याच फेरीत जहाजाचा आचारी नागपूरचा निघाला. विणकराच्या घरातला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्यांना भाऊ म्हणायचो. बाकीचे बंगालचे, गोव्याचे, केरळचे. त्यांच्यात आम्ही दोघं आपल्या बोलीत बोलायचो, तेवढ्यानंही घरी असल्यासारखं वाटायचं.

आफ्रिकेतून कोळसा घेऊन आम्ही परत निघालो होतो. एका सकाळी भाऊ कणीक मळता मळता पोट धरून वाकले. दुपारी उलटी झाली. उजव्या बाजूला, खाली दुखत होतं. मी म्हटलं, कॅप्टनला सांगतो.

"कोणाले सांगू नको गा."

"काहून?"

"जवळच्या बंदरात उतरवतील मले. एकदा आजारी म्हणून उतरवला का पुन्हा कोणी बोलावत नाही. पोरीचं शेवटचं वर्ष चालू आहे. दोन दिवसांत बरा होतो मी."

मी शब्द दिला. माझी पाळी संपली की त्यांची जड पातेली उचलून देत होतो, कांदे चिरून देत होतो. आपण मदत करतोय असंच मला वाटत होतं.

दोन दिवसांनी वाट बदललेलं चक्रीवादळ आमच्या पुढ्यात आलं. कॅप्टननी जहाज वळवलं आणि एका बेटाच्या आडोशाला आणून नांगर टाकला. बेट एवढंसं. माडाची झाडं, पांढरी वाळू, हवामान केंद्राचा मनोरा आणि पाच-सात पत्र्याची घरं. वाऱ्याच्या बाजूनं लाटा घरांएवढ्या उठत होत्या. आमच्या बाजूला पाणी त्यामानानं शांत होतं, पण जहाज दिवसभर हेलकावे खायचं. वारा पडेपर्यंत थांबणं एवढंच काम होतं.

तिथल्या पहिल्याच दुपारी भाऊ शेगडीसमोर कोसळले. त्यांना खोलीत आणून निजवलं. कॅप्टननी सॅटेलाइट फोनवर किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय?

"आज सकाळपासून," भाऊ म्हणाले.

मी पाण्याचा ग्लास घेऊन तिथेच उभा होतो. डॉक्टर म्हणाले, पातळ द्या, लक्ष ठेवा.

खाली इंजिनरूममध्ये गेलो. तासाभरानं जिने चढून वर गेलो आणि कॅप्टनला खरं काय ते सांगितलं. ते ओरडले नाहीत. नकाशाकडे बघत एवढंच म्हणाले, "दो दिन पहले हम बंदरगाह से आठ घंटे दूर थे."

पुन्हा फोन झाला. डॉक्टरांचा आवाज बदलला. अपेंडिक्स असावं, कदाचित फुटलंही असेल. तोंडानं काही देऊ नका, इंजेक्शनं सुरू करा, शक्य तितक्या लवकर ऑपरेशनला न्या. बेटावर एक नर्स होती, ऑपरेशनची सोय नव्हती. आणि बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या खडकांमधल्या फटीतून बेटावरच्या लोकांची होडी बाहेर निघणं या हवेत शक्य नव्हतं. बेटावर छोटी धावपट्टी होती, पण एवढ्या वाऱ्यात विमान उतरणार नव्हतं.

मी भाऊंच्या खोलीत गेलो.

"सांगितलं ना?"

"सांगितलं."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. ओठांना लावायचा ओला कपडासुद्धा गोव्याच्या पोऱ्याच्या हातून घ्यायचे. पोट फळीसारखं कडक झालं होतं. मी दाराजवळ स्टुलावर बसून राहायचो. खिडकीच्या गोल काचेतून बेट दिसायचं. एक बाई पत्र्यावर दगड ठेवत होती, तिच्या कपड्यांचा रंगही कळत होता. इतकं जवळ, आणि तरी कोणी कोणाकडे येऊ शकत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी वारा पडला. बेटावरची होडी आली. भाऊंना स्ट्रेचरला बांधून दोरांनी खाली सोडलं. ते डोळे मिटून होते. दुसऱ्या दिवशी छोट्या विमानानं त्यांना शहरात नेलं. दोन ऑपरेशनं झाली, महिनाभर दवाखाना झाला. जीव वाचला. जहाजावरची नोकरी मात्र संपली.

करार संपवून मी नागपूरला आलो. भाऊंचं घर इतवारीच्या मागच्या गल्लीत. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परतलो. तिसऱ्यांदा गेलो.

वहिनींनी पाट मांडला. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणून हे वाचले, असं कंपनीवाले म्हणे."

"वहिनी, मले आधीपासूनच..."

"चहा ठेव वं," भाऊ मधेच म्हणाले आणि मला घेऊन बाहेर आले. हातगाडी जाऊ देण्यासाठी आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो.

"तिले कायले सांगून राहिला गा? मी सांगू नको म्हटलं, तू दोन दिवस नाही सांगितलं."

"दोन दिवस आधीच सांगायले पाहिजे होतं मी, भाऊ."

माझी समजूत काढतील असं वाटलं होतं.

"हो," भाऊ म्हणाले. "पाहिजे होतं."

मग आत जाऊन आम्ही चहा प्यालो.

आता घराच्या पुढच्या खोलीत त्यांची खानावळ आहे. सुट्टीवर आलो की मी जेवायला जातो. ते स्वतः वाढतात, पोळी संपायच्या आत दुसरी टाकतात. लेकीच्या नोकरीचं सांगतात, माझ्या घरचं विचारतात. जहाजाचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही. वहिनी मात्र प्रत्येक वेळी माझे आभार मानतात, आणि मी मान खाली घालून जेवत राहतो.