पायथ्याची जागा

चिमाबाईचा नवरा सुकदेव माणूस लाखात एक, पण त्याला घडवताना देवाने दिशा ओळखायचं तेवढं ज्ञान घालायचं राहूनच गेलं होतं. दोघं नवापूरकडून सिल्वासाला आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात हा पठ्ठ्या धाग्याच्या कंपनीतून सुटला आणि घरी यायचं सोडून पार सुरंगी गावाला पोचला. तेव्हापासून पाळी सुटायच्या वेळी चिमाबाई चाळीच्या तोंडाशी उभी राहायची, आणि तो गेटातून बाहेर पडून उलट्या बाजूला वळला की हाक मारायची, "ओ पप्पूचे बाबा! मागं बघा, मागं!" तो वळायचा आणि असा हसायचा, जणू काही घरीच यायला निघाला होता. सगळं पॅकिंग खातं त्या हाकेवरून त्याची चेष्टा करायचं.

हा सुकदेव फेब्रुवारीत छातीत कळ येऊन गेला. चिमाबाई रडली, पोटभर रडली, पण तिने धीर सोडला नाही. तिचा विश्वास साधा आणि चांगला दणकट होता. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, कबरी उघडतील, माणसं उठतील. नुसते आत्मे-बित्मे नव्हेत, हाडामांसाची, बघताक्षणी ओळखू येतील अशी माणसं. सुकदेव उठेल तो पुढच्या दोन दातांमधल्या फटीसकट, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तिने त्याच्या सदऱ्याच्या खिशात चष्माही ठेवला.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, तिथं नवं शरीर मिळतं. चष्मा लागत नाही."

"असू द्या," चिमाबाई म्हणाली, "नव्या डोळ्यांची सवय होईपर्यंत."

शवपेटी ललितने बनवली. ललित जळगावकडचा, मारुतीच्या देवळात जाणारा, पण पॅकिंगमध्ये वीस वर्षं सुकदेवाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला. मशीनच्या खोक्याच्या फळ्या जोडून त्याने रात्रीतून पेटी उभी केली. दोन्ही टोकं सारखी, आणि वर रंगवलेला क्रूसही चारी बाजूंनी सारखाच, बेरजेच्या चिन्हासारखा. डोकं कुठल्या बाजूला ते कळावं म्हणून त्याने खात्यातल्या सवयीने पेटीवर खडूने बाण काढला.

आता ह्या मंडळीची रीत अशी, की प्रेताचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवायचे. प्रभू येईल तो उगवतीकडून, तेव्हा माणूस उठून बसला की समोर प्रभूच दिसायला हवा. खड्डे खणणाऱ्या बारकूला हे पाठ होतं, पण तो नेमका फावडं आणायला गेला होता. माणसं पेटी बरोबरच उतरवत होती. इतक्यात ललितने बाण पश्चिमेला बघितला आणि कळवळून ओरडला, "अरे, उलटं जातंय! फिरवा, फिरवा!" त्याच्या घरी सगळे पूर्वेला डोकं करून झोपत. सगळ्यांना वाटलं, पेटी ह्याने केलीय, डोकं कुठं ते ह्यालाच ठाऊक. पेटी फिरवली आणि खाली सोडली.

तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी बोलता बोलता उगवतीची ती रीत सांगितली, आणि कोपऱ्यात बसलेल्या ललितचा चेहरा पांढराफटक पडला.

"भाभी, माझी मिष्टेक झाली," तो म्हणाला. "दादाला मी उलटा ठेवला."

पप्पू म्हणाला, "आई, कबर परत उघडायची तर सरकारी परमिशन लागते. कोण देणार?" पाळकसाहेब म्हणाले, "जो उठवेल तोच वळवेल."

"त्या दिवशी उठणारे किती असतील!" चिमाबाई म्हणाली. "प्रभू एकेकाला कुठं फिरवत बसणार?"

आपला नवरा ती पुरता ओळखून होती. सगळं जग एकीकडे निघेल आणि हा उठून, कपडे झटकून, खुशाल दुसरीकडे चालू लागेल. हाक मारायला कोण असेल? तो गेला हे तिने सोसलं होतं, कारण तो परत भेटणार होता. आता ती भेटच हुकणार, ह्या भीतीने ती भरलं ताट बाजूला सारायची. ललित रोज यायचा, दाराशी बसायचा आणि चहा न पिताच जायचा.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जमली. गाणाऱ्यांची गर्दी झाल्यामुळे चिमाबाईला कबरीच्या शेजारी जागा मिळाली नाही. ती पायथ्याशी, पश्चिमेच्या बाजूला उभी राहिली. कारखान्यांच्या पत्र्यांवरून सूर्य वर आला आणि तिच्या डोळ्यांवर ऊन पडलं. तिने कपाळावर हात धरला. समोर सूर्य, आणि सूर्याच्या अलीकडे सुकदेवाची कबर. डोकं तिकडे, पाय इकडे. तो उठून बसला तर? बरोबर तिच्याकडेच तोंड करून बसेल. भर गाण्यात चिमाबाई फसकन हसली.

गाणं संपल्यावर तिने बारकूला बोलावलं. "ही पायथ्याची जागा माझ्यासाठी ठेव. शेजारची नको."

"नवरा-बायकोची कबर शेजारी शेजारी असते, बाई," पाळकसाहेब म्हणाले.

"शेजारी ठेवाल तर मी बघेन पूर्वेला आणि ते पश्चिमेला. इथं मला रीतीनेच ठेवा. मला समोर प्रभू दिसेल, अन् मधे हे."

 पाळकसाहेबांनी बारकूकडे बघून होकाराची मान हलवली.

मागे फाटकाशी ललित चोरासारखा उभा होता. तिने त्याला जवळ बोलावलं. "माझी पेटी पण तूच कर. बाण काढ. पण ठेवताना बारकू सांगेल तसंच, तू मधे बोलायचं नाही. आता घरी चल, चहा पिऊन जा." ललितला हसू आलं आणि रडूही आलं. सदऱ्याच्या बाहीने त्याने डोळे पुसले.

सगळे फाटकाकडे निघाले. चिमाबाई मात्र वाकली आणि मातीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "ओ पप्पूचे बाबा, घाबरू नका. उठल्यावर आधी मीच दिसेन. मग मी सांगते, मागं बघा म्हणून."