नळीवरचा ठसा

"अहो, हात पुसा आधी!"

वरच्या मजल्यावरच्या काकांच्या जाळीच्या दाराला कुणी हात लावला की आतून हा आवाज यायचाच. घामाच्या हातानं लोखंड गंजतं, हे फरीदाबादच्या आमच्या सोसायटीला त्यांनीच शिकवलं. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, ज्याच्या घरी जाताना आपण उगाच आपले तळवे बघून घेतो.

काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. घरात वडिलांची दुनळी बंदूक होती, रीतसर परवान्याची. ती त्यांनी कधी चालवली नाही, जपली मात्र तान्ह्या बाळासारखी. नव्या बुटांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात ना, त्या आम्ही सगळे त्यांच्यासाठी जमवत असू. माझी बायको म्हणायची, "काकांना दिवाळीला मिठाई नको, बूटच द्या."

महिन्यातून एकदा ते कपाट उघडत. सुती हातमोजे चढवून नळ्या पुसत, तेलाचा पातळ हात फिरवत. "चामड्याच्या खोळीत ठेवायची नाही बरं का. चामडं ओल धरतं." मग म्हणत, "बाबांची एवढी एकच वस्तू उरलीय."

त्यांचा मुलगा तेव्हा बाहेर येत नसे. काकू गेल्यापासून दोघांचंच घर. त्यात गुडगावची नोकरी सुटल्यापासून तो खोलीतच असायचा. मी विचारलं तर काका म्हणत, "होईल ठीक, बिल्कुल! नवीन जॉब बघतोय." आणि पुन्हा फडकं हातात घेत.

श्रावणातल्या एका दमट दुपारी त्यांचा फोन आला. "जरा वर येता?"

बंदूक टेबलावर होती. नळीवर एका जागचं तेल पुसलं गेलं होतं आणि तिथं तांबूस गंज चढला होता. अंगठ्याचा ठसा. रेषासुद्धा दिसत होत्या.

"तुमचा?"

त्यांनी मोजे घातलेले हात वर केले. "किल्लीची जागा घरात आम्हा दोघांनाच माहीत आहे."

त्यांनी मुलाला हाक मारली. तो आला, टेबलाकडे बघितलं आणि खाली जमिनीवर बसला.

"कशाला काढली होतीस?"

तो म्हणाला, "ठेवली ना परत, बाबा."

काकांनी मोजे काढले. त्याच्याशेजारी जमिनीवर बसले, त्याचं डोकं छातीशी धरलं. "मी हिलाच जपत बसलो रे," एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी बंदूक जमा करायला काकांना घेऊन मी गाडी काढली. माझी बायको मुलाजवळ बसली. पोलीस ठाण्यातला हवालदार म्हणाला, "अंकल, वापस कब लोगे?"

"नहीं लेनी. लाइसेंस भी रद्द करवाना है."

त्यानं बंदूक ओल आलेल्या भिंतीला तशीच टेकवून ठेवली. मीच दचकलो. काका मात्र केव्हाच दाराबाहेर पडले होते.

मुलाला डॉक्टरांकडे नेलं, औषधं सुरू झाली. काही दिवस बरे जात, काही अगदी वाईट. शेवटी दोघं पुण्याला काकांच्या बहिणीकडे राहायला गेले. वरचा फ्लॅट आता बंद असतो.

मी अधूनमधून फोन करतो. काका तब्येत, हवापाणी असलं काही बोलत नाहीत. उचलल्याबरोबर सांगतात, "आज जेवला."

एखाद्या दिवशी ते सांगत नाहीत. तेव्हा मीही विचारत नाही. दोघंही फोन कानाला लावून नुसते बसतो.