सतार वाजवायला वेळ होता

संगीत नाटकात एखादं पद आवडलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडतात आणि नट तेच पद पुन्हा म्हणतो. लोक या रीतीचं कौतुक करतात. माझं मात्र तिचं नाव काढलं तरी डोकं फिरतं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माझी ताई नागपुरात शाळेत शिकवायची आणि एका हौशी मंडळीच्या नाटकांत गायची. हे कळल्यापासून बाबा तिच्याशी बोलत नव्हते. ती आमच्या गावी, कुहीला, घरी आली की ते शेतावर निघून जात. मग त्या मंडळीचं नाटक एका रविवारी दुपारी थिएटरातून थेट रेडिओवर लागणार असं ठरलं. ताईला एकच पद होतं, तेही शेवटच्या अंकात. तिचं तोंड पाहू नका, पण एकदा ऐका तरी, म्हणून मी बाबांच्या मागे लागले. ते हो म्हणाले नाहीत. पण त्या दुपारी शेतावर न जाता रेडिओसमोर येऊन बसले.

आमचा दादा अतिशहाणा. ताईच्या टाळ्या रेडिओवर दणकून ऐकू याव्यात म्हणून त्याने ओळखीपाळखीची सगळी माणसं एसटीत कोंबून थिएटरात नेली. आता आपल्याच पोरीला दाद द्यायची आणि परक्याला नाही, हे आमच्या गावच्या रीतीत बसतं होय? त्यांनी पहिल्या पदापासूनच 'वन्स मोअर'च्या आरोळ्या ठोकल्या. नायकाला तेच हवं होतं. आयत्या बिळावर नागोबा! गड्याने एक पद तीनदा म्हटलं, दर वेळी नव्या ताना घेऊन. रेडिओचा माणूस विंगेतून घड्याळ दाखवत होता म्हणे, पण नायकाला दिसेल तेव्हा ना.

शेवटचा अंक लागला. ताई दोन वाक्यं बोलली आणि बाबांनी मान वर केली. ऑर्गनने सूर धरला. तेवढ्यात निवेदिकेने गोड आवाजात सांगितलं की वेळेअभावी हे प्रक्षेपण इथेच थांबवत आहोत. आणि लावलं काय, तर सतार! बातम्यांना अवकाश होता म्हणून मधली जागा भरायला सतार. तेवढ्यात ताईचं निम्मं पद झालं असतं. मी चिडून बटण बंद करायला उठले.

"राहू दे वं," बाबा म्हणाले. "तिचं गाणं व्हाचं आहे अजून."

सतार संपली, बातम्या झाल्या, हवामान झालं. बाबा जागचे हलले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी नंतर, ताईला न कळवता, नागपूरला जाऊन रेडिओ केंद्रावरच्या साहेबाला गाठलं. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम. टेप तरी ऐकवा म्हटलं, तर ती केलीच नव्हती. नायकाच्या घशाला नियम नाही, तो फक्त आमच्या ताईला!

थिएटरात नाटक पुढे चालूच राहिलं होतं. ताईने पद म्हटलं, टाळ्या घेतल्या. रेडिओवरचं प्रक्षेपण मध्येच तुटलं, हे तेव्हा ना तिला माहीत ना दादाला. पुढच्या रविवारी ती आली आणि दारातच मला विचारलं, बाबांनी ऐकलं का. मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला.

"आयकलं ना वं. चांगलं म्हटलं तुनं."

इतक्या वर्षांनी बाप बोलला म्हणून ती उंबऱ्यातच रडायला लागली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाला त्या लोकांनी पोटच्या पोरीशी खोटं बोलायला लावलं, याची चीड मला आजही येते.

पुढे ताई घरी येत राहिली. मी कितीदा म्हटलं, बाबांसमोर बसून ते पद म्हण. त्यांनी ऐकलंय की, म्हणायची आणि दुसरंच काही गुणगुणायची. बाबांना तर तिला म्हण म्हणून सांगायची सोयच उरली नव्हती. ते गेले तेव्हाही ते पद त्यांचं ऐकायचंच राहिलं होतं.